बी फोकावं तसं

कोकणात तिफण चालत नाही. चालवायची म्हटली तरी ती वळवायला जागा कुठे आहे? घाटावरच्या माणसाला शेत म्हटलं की नजर पोचेल तिथवर पसरलेलं काळं रान दिसतं. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या उतारावर एकाखाली एक उतरत गेलेले चोंढे. कुणाला नुसताच कोपरा आहे, कुणाचं पोट सुटलंय, कुणी शेजाऱ्याच्या मेरेला खेटून निमुळता होत संपून गेलाय. त्यामुळे सरळ ओळीत बी पेरणं ही गोष्ट इथल्या जमिनीने फारशी मनावर घेतलीच नाही. आमच्याकडे बी फोकतात, म्हणजे मुठीने पसरून फेकतात.

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात आबा, म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ, अजून स्वतः भाताची दाढ, म्हणजे लावणीसाठीच्या रोपांचा वाफा, पेरतात. बाकीची सगळी कामं त्यांनी मुलाच्या गळ्यात घातली आहेत, हे एक काम सोडून. उन्हाळ्यात पाला-शेण पसरून दाढीच्या जागेची भाजावळ झालेली असते. मे महिना सरत आला, रोहिणी लागल्या, की त्या राखमातीत धूळवाफेवर पेरायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. पाऊस आधीच येऊन चिखल झाला तर मग मोड आणलेलं बी टाकायचं, त्याला रहू म्हणतात. दोन्हीकडे हात तोच.

तो हात बघण्यासारखा असतो. टोपली डाव्या कमरेवर. उजवी मूठ पूर्ण भरत नाहीत, तळहातात थोडी पोकळी राहते. हात पोटाशी येतो आणि तिथून बाहेर, कोयता फिरवावा तसा अर्धगोल जातो. बी सुटतं ते मूठ उघडून नव्हे. अंगठा किंचित ढिला होतो आणि तर्जनीच्या बाजूने दाणे निसटत राहतात, हात थांबेपर्यंत. नवशिका मूठ उघडतो आणि पायाशी ढीग पाडतो. आधी मेरेच्या कडेने, मग आत. एकदा लांबीत, एकदा आडव्या अंगाने. वारा सुटला तर आबा वाकून, जमिनीच्या जवळून टाकतात. आणि या सगळ्या ध्यानस्थ कारभारात मध्येच ओरडतात, "अरे ती कोंबडी हाकला कोणीतरी!"

इंग्रजीत याच कामाला 'ब्रॉडकास्ट' म्हणतात. हा शब्द आपण रेडिओ-टीव्हीपासून ओळखतो, पण त्याचं माहेर शेतात आहे. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे फेकणं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात बी 'ब्रॉडकास्ट' पेरलं असं येतं. तिथे तो धड क्रियापदही नाही, नुसतं 'पेरलं कसं' याचं उत्तर आहे: ओळीत नाही, पसरून. त्याच्या आधी, १७०१च्या सुमारास, जेथ्रो टल नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने ओळीत बी सोडणारं घोड्याचं यंत्र केलं होतं. दख्खनच्या शेतकऱ्याला तिफण आणि पाभर माहीत असल्याने त्याला यात नवल वाटलं नसतं, पण इंग्लंडात ते नवं होतं. मला वाटतं, पसरून पेरण्याला वेगळं नाव लागलं ते त्यामुळेच. एकच रीत असते तोवर तिला नाव कोण देतो? मोबाइल येईपर्यंत 'लँडलाइन' हा शब्द कुणाच्या घरात नव्हता.

टलचं म्हणणं सरळ होतं: फेकून पेरणं म्हणजे नासाडी. काही बी पाखरं खातात, काही वर राहून वाळतं, कुठे दाटी, कुठे टक्कल, आणि मधली निंदणी करायला वाट नाही. आमच्या दापोलीचं कृषी विद्यापीठसुद्धा गादीवाफे करा, ओळीत पेरा असंच शेतकऱ्यांना सांगत आलंय. आबांना ते मान्य आहे. ते मान डोलावतात आणि फोकतात. पण कोकणातल्या या फोकण्यात एक गंमत आहे, जी इंग्रजी शब्दात नाही. इथे फोकलेलं पीक तिथेच वाढवून कापत नाहीत. दाढीत दाट उगवलेलं रोप, आमच्याकडचं आवण आणि तळकोकणातला तरवा, तीन-चार आठवड्यांनी उपटायचं, मुठी बांधायच्या आणि चिखलात उभं राहून, कंबर मोडेपर्यंत, एकेक चूड हाताने लावायचा. फेकायला एका माणसाची सकाळ पुरते. लावणीला सगळी वाडी लागते.

हा शेतातला शब्द रेडिओवाल्यांनी उचलला तो १९२०च्या आसपास. त्याआधीची बिनतारी यंत्रणा ही मुळात पत्रासारखी होती: इथून तिथे, या जहाजातून त्या बंदराला, एकाचा निरोप एकाला. मार्कोनीच्या पिढीला त्यातली सगळ्यात मोठी अडचण कोणती वाटत असेल, तर ही की निरोप ज्याच्यासाठी नाही तोही ऐकतो. लाटा चहूकडे जातात, त्यांना पाकिटात घालता येत नाही. नौदलांना तर हे मुळीच परवडणारं नव्हतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा दोष नसून हाच गुण आहे. एकानेच बोलावं आणि ज्याच्याकडे यंत्र असेल त्याने ऐकावं. २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल असेच हवेत सोडले. त्या प्रकाराला काय म्हणावं, तर शेतावरचा शब्द हाताशी होता.

शब्दाने उपकारही लगेच फेडले. १९२१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या केंद्राने हवामानाचा अंदाज माणसाच्या आवाजात द्यायला सुरुवात केली, आणि तो कुणाच्या कामाचा होता तर मूठ घेऊन उभ्या असलेल्यांच्या. हवामानाच्या अंदाजाला इंग्रजीत 'फोरकास्ट', म्हणजे त्यातही फेकणं आहेच, पण पुढच्या काळात. ही दोन भावंडं व्याकरणातही सारखीच हट्टी. कास्टचा भूतकाळ कास्टच, म्हणून ब्रॉडकास्टचाही ब्रॉडकास्टच. पण रेडिओ आल्यावर लोकांनी नेहमीच्या सवयीने 'ब्रॉडकास्टेड' म्हणायला सुरुवात केली आणि शुद्धलेखनवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आजचे कोश दोन्ही रूपं देतात, चालतं मात्र आखूड रूपच जास्त. शाळेत आम्हाला 'ब्रॉडकास्टेड' लिहिलं की लाल रेघ मिळायची. ती आता मिळू नये असं माझं मत आहे. शब्द शेतातून स्टुडिओत गेला, तर त्याने थोडे कपडे बदलले म्हणून काय बिघडलं?

मराठीने मात्र फोकणं रेडिओला दिलं नाही. 'रत्नागिरी केंद्रावरून बातम्या फोकत आहोत' असं म्हणून बघा, कुणीही हसेल. आपल्याकडे फेकणं या क्रियेवर लोकांचा विश्वासच नाही. फेकणारा माणूस म्हणजे थापा मारणारा. म्हणून आपण संस्कृतकडे गेलो आणि प्रसारण, प्रक्षेपण आणलं. त्या 'क्षेप'चा अर्थही फेकणंच, पण संस्कृतात सांगितलं की सभ्य वाटतं. एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्याने उचलून पुढे सोडला की तो 'सहक्षेपित' होतो. हा शब्द मी आकाशवाणीखेरीज आयुष्यात कुठेही ऐकलेला नाही आणि तो मला फार आवडतो.

आणि 'आकाशवाणी'? मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तेव्हा हे नाव नव्हतं. कंपनी १९३०मध्ये बुडाली, सरकारने कारभार घेतला, १९३६मध्ये ऑल इंडिया रेडिओ झालं. मैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३५मध्ये आपल्या घरून चालवलेल्या केंद्राला आकाशवाणी म्हटलं, आणि पुढे १९५०च्या दशकात ते नाव सगळ्या देशाच्या रेडिओला लागलं. नाव सुंदरच आहे. पण भागवतातली आकाशवाणी आठवून बघा. देवकीची वरात निघालेली, कंस बहिणीच्या प्रेमाने स्वतः रथ हाकतोय, आणि वरून आवाज येतो की हिचा आठवा गर्भ तुझा काळ होईल. त्या वाणीचा रोख सरळ सरळ एका माणसावर आहे. कंसाला उद्देशून, कंसाबद्दल, कंसाच्या कानात. म्हणजे ती ब्रॉडकास्ट नव्हतीच, ती मार्कोनीच्या जातीची होती. भानगड झाली ती इतकीच, की शेजारी देवकी आणि वसुदेव बसले होते आणि त्यांनीही ऐकलं.

आमच्या घरी रेडिओ म्हणजे रत्नागिरी. मीडियम वेव्हवर ११४३. तो आकडा मला फोन नंबरांच्या आधीपासून पाठ आहे, कारण काटा नेमका तिथे आणणं हे लहान मुलांचं काम असायचं. मुंबईही लागायची. रात्री तर काय काय लागायचं! दिवसा मीडियम वेव्हची लाट जमिनीला चिकटून जाते. अंधार पडला की वरच्या हवेतला ती गिळून टाकणारा थर विरतो, मग लाट आभाळाला आपटून लांबवर उतरते आणि आमच्या ओटीवर अरबी गाणी यायची. आबांना अरबीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते ठेका धरायचे.

खाऱ्या पाण्यावरून ही लाट फार छान जाते. कोरड्या, खडकाळ जमिनीपेक्षा समुद्राचं पाणी विजेला चांगली वाट देतं, म्हणून किनाऱ्यावरच्या केंद्राचा आवाज समुद्राकडे लांबवर स्वच्छ पोचतो, आणि डोंगराच्या बाजूला, सह्याद्रीच्या पोटात शिरताना, खरखरायला लागतो. एफएमची लाट तर डोंगर आडवा आला की संपलीच, ती सरळ नजरेची सोबती. त्यामुळे असं व्हायचं, की खेडच्या आतल्या एखाद्या घळीतल्या वाडीवर जे नीट लागत नसे, ते किनाऱ्यापासून कितीतरी वाव पाण्यात उभ्या असलेल्या होडीवर खणखणीत ऐकू येई. आणि तिथेच त्याची गरज होती. 'समुद्र खवळलेला राहील, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही पोराला श्लोकासारखं येतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढायचा तोही याच जातीचा निरोप. तो अमुक एका होडीसाठी नसतो, ज्याला डोळे आहेत त्याच्यासाठी असतो. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा किती होड्या बाहेर होत्या, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला आठवतं. निरोप हवेत असणं आणि तो कानात पडणं यात फरक असतो. होडीवरचा रेडिओ बंद असेल, सेल संपले असतील, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल. फेकणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

ही गोष्ट मला नीट उमगली ती ३ जून २०२०ला, निसर्ग वादळ आलं त्या दिवशी आणि पुढच्या दिवसांत. वीज गेली, मोबाइलचे टॉवर मुके झाले, रस्त्यावर झाडं आडवी. पोफळीच्या बागा तर कुणी मधोमध करवत चालवल्यासारख्या झाल्या होत्या. घरात चालू असलेलं एकमेव यंत्र म्हणजे आबांचा सेलवरचा ट्रान्झिस्टर. त्याच्यावर कळलं की वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, पुढे कुठे गेलं, मुंबई थोडक्यात वाचली. आम्हाला सगळं कळत होतं. फक्त आमची कौलं उडालीत, गुरं बरी आहेत, म्हातारी माणसं सुखरूप आहेत, हे मुंबईला कळवायची काही सोय नव्हती. तिकडे चाकरमानी नातलग फोन लावून लावून रडकुंडीला आलेले. रेडिओ आमच्याशी बोलत होता आणि आम्ही रेडिओसमोर बसून होतो. आबा शेवटी त्या डब्याला म्हणाले, "अरे, आमचं पण ऐक की थोडं!"

ज्या देवाला आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तो निदान 'व्हय म्हाराजा' तरी ऐकून घेतो. तेही बघा, गाऱ्हाणं देवाला उद्देशून, पण सगळ्या गावासमोर, खड्या आवाजात. कुणाच्या घरी काय अडलंय, कुणाचा मुलगा परदेशी चाललाय, कुणाचं लग्न जमत नाही, सगळं देवाच्या निमित्ताने वाडीला कळतं.

एकतर्फी फेकण्यातून काही उगवतं का, अशी शंका येईल. उगवतं, आणि कधी कधी अक्षरशः. तामिळनाडूतल्या तंजावूर भागात १९६०च्या दशकात आडुतुरैच्या संशोधन केंद्रातून एडीटी-२७ नावाची भाताची जात आली. तिची माहिती तिरुचिरापल्लीच्या आकाशवाणीने शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांतून इतकी पोचवली, की लोक दुकानात जाऊन 'रेडिओ भात' मागू लागले. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९५६मध्ये, युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक प्रयोग केला होता. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या भागांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळं बसवली, त्यांनी एकत्र कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसात बोलायचं, आणि शंका केंद्राला पाठवायच्या. मला यातला 'एकत्र बसून बोलायचं' हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. हवेतून आलेलं बी आवणासारखं उपटून, हाताने पुन्हा लावायचं काम त्या मंडळांनी केलं. त्या यादीत कोकण नव्हतं. आम्ही तेव्हाही आपापल्या ओटीवर बसून एकेकटेच ऐकत असणार आणि सरकारचं काय चुकतं ते शेजाऱ्याला सांगत असणार.

आता समुद्रावर जाऊ, कारण फेकावं कधी आणि फेकू नये कधी, याचं तारतम्य मी तांडेलांइतकं, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्यांइतकं, कुणात पाहिलेलं नाही.

हर्णै बंदराला संध्याकाळी लिलाव चालतो. मोठ्या होड्या लांब पाण्यात उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाडीतून वाळूवर येते, टोपल्यांची रांग लागते आणि ओरडा सुरू होतो. तिथला ओरडा म्हणजे अस्सल ब्रॉडकास्ट. भाव सगळ्यांनी ऐकायचा असतो, तोच त्याचा उपयोग. पण याच होड्यांवर प्रत्येकाकडे वायरलेसचा सेट असतो, व्हीएचएफ. सोळा नंबरचा चॅनल संकटासाठी राखीव, जगभरच्या बोटी त्यावर कान ठेवून असतात. बाकी चॅनलवर गप्पा. आणि तो सेट म्हणजे पुन्हा मार्कोनीचीच अडचण: बोलाल ते आसपासची प्रत्येक होडी ऐकणार.

ओळखीच्या एका तांडेलाला मी विचारलं, की मासळीचा मोठा थवा दिसला तर जोडीदार बोटीला कळवता कसं?

त्याने माझ्याकडे, शहरात राहून माझं डोकं फिरलंय अशा नजरेने पाहिलं. "वायरलेसवर सांगतं कोण? सांगितलं तर अर्ध्या तासात जत्रा भरंल तिथं."

"मग?"

"डाळ शिजली म्हणतो."

डाळ शिजली म्हणजे बांगडा लागला. भात शिजला म्हणजे दुसरं काहीतरी, ते त्याने सांगितलं नाही. आणि मीठ जास्त झालं म्हणजे परतायला हरकत नाही, इथे काही उरलेलं नाही. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की जाते, त्यामुळे हा स्वयंपाक अजून चालू आहे. मी म्हटलं, बाकीचे तांडेल एवढे भोळे आहेत का? तर म्हणाला, नाहीत, म्हणून दर थोड्या दिवसांनी डाळीची आमटी करावी लागते.

पण इंजिन बंद पडलं, होडीत पाणी शिरलं, माणूस पाण्यात पडला, की हाच तांडेल सोळा नंबरवर येऊन गळा फाडून ओरडतो, आणि तेव्हा तो कुणाला म्हणून ओरडत नाही. काल ज्याला त्याने डाळीवरून फसवलं तोच सगळ्यात आधी पोचतो. दीपगृहाचा दिवाही तसाच. जयगडचा दिवा कुणाची होडी आहे ते विचारत नाही. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी, तिच्यावरून तांडेल आपण कुठे आहोत ते ओळखतो, आणि त्याच दिव्यावरून त्याचा वैरीही ओळखतो.

शब्दाचं आजचं भाग्य मात्र विचित्र आहे. फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये 'ब्रॉडकास्ट लिस्ट' नावाची सोय असते. एक निरोप, एका फटक्यात अनेकांना. ऐकायला फोकल्यासारखं वाटतं. पण त्यात माणसं तुम्ही एकेक करून निवडायची, एका यादीत जास्तीत जास्त २५६, आणि वर अट अशी की समोरच्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवलेला असेल तरच निरोप त्याला पोचणार. कोणाला मिळणार ते आधी ठरलेलं, आणि घेणाराही आधीपासून तुमच्या ओळखीचा. याला फोकणं कोण म्हणेल? ही तर लावणी झाली, चूड मोजून.

कोकणात या यादीचा हंगाम ठरलेला आहे. मार्च उजाडला की ज्याच्या ज्याच्या दारात हापूसची चार कलमं आहेत, त्याचा निरोप पुण्या-मुंबईच्या फोनांवर पडायला लागतो. 'यंदाचा हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, पेटीचा भाव असा असा.' आणि हापूसला ही रीत शोभतेही. हापूस मुळात फेकून येणारं झाड नाही. त्याचा बाठा टाकलात तर जे उगवेल ते हापूस असेलच असं नाही. हवा तोच आंबा हवा असेल तर झाडाची काडी घेऊन दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. म्हणून त्याला कलम म्हणतात. इकडून तिकडे, एका झाडाकडून एका झाडाला. याउलट रायवळ. खाऊन फेकलेला बाठा, वानराने नेलेला, वहाळातून वाहत आलेला. जिथे पडला तिथे उगवला आणि त्याची चव बापासारखी निघेल याची खात्री नाही. आमच्या पाणंदीत एक रायवळ आहे, त्याला खोबऱ्यासारखा वास येतो. कुणी लावला, कुठून आला, कुणालाच माहीत नाही. त्याला भौगोलिक मानांकनही नाही आणि पेटीही नाही. तो जो जाईल त्याने खाली पडलेला उचलायचा.

आबांचा मुलगा बाळ्या, आंब्याचा व्यापार तोच बघतो. दरवर्षी यादी करतो. गेल्या हंगामात त्याची तक्रार होती की निरोप गेलाय, पण अर्ध्या लोकांना पोचलेला नाही. मी म्हटलं, त्यांनी तुझा नंबर सेव्ह केलेला नसणार. तो भडकला. "दरवर्षी माझे आंबे खातात आणि नंबर सेव्ह करत नाहीत?" मग दिवसभर फोन घेऊन बसला आणि एकेकाला विचारू लागला, की दादा, माझा नंबर तुमच्याकडे आहे ना? आबा पडवीत बसून हे ऐकत होते. थोड्या वेळाने उठले, खोपीतून एक जुनी फळी काढून आणली आणि बाळ्यापुढे टाकली.

फळीवर बाळ्याने पांढऱ्या रंगाने 'आंबे मिळतील' लिहिलं, खाली फोन नंबर, आणि ती मुंबई-गोवा महामार्गाला लागणाऱ्या फाट्यावर एका ओळखीच्या टपरीला टांगली. पहिला फोन आला तो करवंदं आहेत का विचारणाऱ्या बाईंचा. दुसरा, पंक्चर कुठे काढतात असं विचारणाऱ्या ट्रकवाल्याचा. बाळ्याने दोघांचेही नंबर यादीत घातले.